गाण्यातलं स्वित्झर्लंड

(दृश्य: इंटरलाकेन, कुरसालची बाग. ब्राँझचा पुतळा, शेजारी फोटो काढणारी कुटुंबं.)

आल्प्सच्या पायथ्याच्या या गावात हा पुतळा कुणा सेनापतीचा नाही, गिर्यारोहकाचाही नाही. लाहोरात जन्मलेल्या आणि मुंबईत कारकीर्द घडवलेल्या यश चोप्रांचा आहे. इंटरलाकेनने तो २०१६ साली उभारला. त्याआधी २०११ मध्ये युंगफ्राऊ रेल्वेने आपल्या एका गाडीला त्यांचं नाव दिलं होतं. धंदा मिळवून दिल्याबद्दल इतके उघड आभार क्वचितच कुणी मानतं.

साठच्या दशकात हिंदी चित्रपटातला नायक बर्फासाठी काश्मीरला जायचा. १९६४ चा ‘संगम’ युरोपात जाऊन आला खरा, पण तशी चैन फार थोड्यांना परवडायची. १९८९ नंतर खोऱ्यात गोळीबार सुरू झाला आणि तिथलं चित्रीकरण जवळपास बंद पडलं. निर्मात्यांना तळी हवी होती, हिमशिखरं हवी होती, फुलांनी भरलेले उतारही हवे होते. त्याच वर्षी आलेल्या ‘चांदनी’ने पर्यायी पत्ता दाखवून ठेवला होता. १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला आणि तो पत्ता घरोघरी पोहोचला.

(दृश्य: फुलांनी भरलेला उतार. दूरवर गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज.)

गाणं पाच मिनिटांचं. पहिल्या कडव्यात गुडघाभर गवत, दुसऱ्यात हिमनदी, मधल्या संगीतात एक तळं आणि साडीचा बदललेला रंग. ‘छायागीत’ बघत मोठ्या झालेल्या पिढीने हा देश असाच पाहिला, संकलकाच्या टेबलावर जोडलेला. त्यातली एकेक चौकट खरी आहे. तळं खरं, बर्फही खरा. या गाण्यांमध्ये फक्त स्विस माणूस सापडत नाही. असलाच तर कोपऱ्यातून हसत जाणारा वाटसरू.

आता ज्या गवतात नायिका धावते, ते गवत बघा. ते कुणाचं तरी शेत असतं. उन्हाळ्यात कापून वाळवायचं आणि हिवाळ्यात गोठ्यातल्या गुरांना घालायचं, असा तो चारा. कापणीआधी कुणी त्यात लोळलं, तर शेतकऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. चालणाऱ्यांसाठी पिवळ्या पाट्यांच्या पायवाटा देशभर आखलेल्या आहेत; पाऊल त्यांच्यावरच ठेवायचं. शिवाय तो उतार इतका हिरवागार राहतो, तो काही आपोआप नाही. डोंगरातली शेती टिकावी म्हणून सरकार शेतकऱ्यांना थेट पैसे देतं. पार्श्वभूमी सांभाळायलाही खर्च येतो, म्हणा ना!

(दृश्य: बोगद्यातून चढणारी गाडी, मग लख्ख बर्फ.)

युंगफ्राऊयोख, उंची ३,४५४ मीटर. इथवरची रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली. आयगर शिखराच्या पोटातून तिचा बोगदा सोळा वर्षं खोदला जात होता आणि खोदणारे बहुतेक इटालियन मजूर होते. गाडीतून उतरल्यावर दम लागतो, काहींचं डोकं धरतं. पडद्यावर शिफॉनच्या साडीत सहज वाटलेली थंडी इथे हाडात शिरते. वर ‘बॉलीवूड’ नावाचं रेस्टॉरंट आहे. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी गरम जेवणाने सुखावतात, आणि त्यांच्यावर हसण्याचं काही कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे: चित्रपटाने आखलेल्या वाटेवर बाझेल लागत नाही. ऱ्हाईनकाठच्या त्या शहरात रोश आणि नोव्हार्टिस या औषध कंपन्यांची मुख्यालयं आहेत. बहुतेक स्विस माणसं डोंगरात राहतच नाहीत. ती आल्प्स आणि ज्युरा या डोंगररांगांच्या मधल्या पट्ट्यात, शहरांत आणि उपनगरांत राहतात.

(दृश्य: ब्रिएन्झ तळं, लाकडी धक्का, त्यापुढे फिरतं फाटक.)

हे फक्त आपलंच वेड नाही. इंटरलाकेनजवळच्या इझेल्टवाल्डमध्ये जेमतेम चारशे माणसं राहतात. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या कोरियन मालिकेचा नायक इथल्या धक्क्यावर पियानो वाजवतो. मालिका गाजली आणि कोरियातून, आशियाभरातून लोक त्या धक्क्यावर उभं राहायला येऊ लागले. त्यांच्या मनातलं स्वित्झर्लंड वेगळं, आपल्या मनातलं वेगळं. सामाईक काय, तर गावकरी दोन्हींत नाहीत. या गावकऱ्यांनी मात्र स्वतःची एंट्री घेतली. २०२३ मध्ये त्यांनी धक्क्यावर फाटक बसवलं आणि आत जायचे पाच फ्रँक लावले. कचरा आणि स्वच्छतागृहं गावालाच सांभाळावी लागतात. मला हे फाटक आवडलं. फोटोत ते येत नाही, पण ओलांडल्याशिवाय फोटोही निघत नाही.

(दृश्य: त्स्वायझिमेन स्टेशन. दोन गाड्या, दोन रुंदीचे रूळ.)

राज आणि सिमरनची गाडी चुकते, ते हे स्टेशन. भारतीय प्रवासी इथे उतरतात, फलाटावर धावून बघतात. खरं तर माँत्रोहून इंटरलाकेनला जाणाऱ्या प्रत्येकालाच इथे उतरावं लागायचं, कारण माँत्रोकडचा रूळ मीटरगेज आणि पलीकडचा १,४३५ मिलिमीटर रुंदीचा. स्थानिकांच्या लेखी हे गाडी बदलायचं स्टेशन. डिसेंबर २०२२ पासून एक थेट गाडी धावू लागली. इथे ती एका खास पट्ट्यावरून सावकाश जाते आणि चालता चालता तिच्या चाकांमधलं अंतर बदलतं. त्या गाडीत बसलेल्याला त्स्वायझिमेनला उतरायचं कारण उरलेलं नाही. ज्यांना ठरवून गाडी चुकवायची आहे, त्यांची गोष्ट निराळी.