कंबरेची कळ, गालातला करंट आणि नसेवरची सुई

राम राम मंडळी. आज दुखण्याबद्दल बोलायचंय, पण दोन दिवसात बरं होतंय त्या नाही, महिनोन् महिने पिच्छा न सोडणाऱ्या दुखण्याबद्दल. मी भूलतज्ज्ञ, लोकांना वाटतं ह्याचं काम ऑपरेशनआधी भूल द्यायची आन् बाजूला व्हायचं, पण दुखऱ्या नसांवर सुया घालायचं काम बऱ्याच ठिकाणी आमचेच लोक करतात. त्यामुळं ओपीडीत एक वाक्य रोज कानावर येतंय, "डॉक्टर, नस जाळायची म्हणले, मग माझा पाय जाईल की!" आन् ह्या भीतीपायी माणसं वर्षानुवर्षं मेडिकलवरून पेनकिलर आणून खातात, किडनीची वाट लावून घेतात, पण सुईला तयार होत नाहीत.

आधी कंबर. आपल्याकडं कंबर जायला कारणं काय कमी आहेत का? बीडकडची जोडपी कारखान्याला जातात, दिवसभर वाकून कोयता चालवायचा, वरून मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. इकडं परभणी-हिंगोलीत कापूस वेचणाऱ्या बायका. मग एमआरआय होतो, "मणक्यात गॅप पडलाय" असं कुणीतरी सांगतं आणि माणूस तिथंच अर्धा खचतो. अहो, पन्नाशीतल्या ज्या माणसाला काहीच दुखत नाही त्याचा एमआरआय काढला तरी बहुतेकदा मणक्यांमधली गादी झिजलेली दिसती. फोटोत दिसलं म्हणजे दुखणं तिथूनच येतंय असं नसतं.

मणक्याच्या मागच्या अंगाला दोन्हीकडं छोटे सांधे असतात, ते झिजले की मागं वाकताना, बसून उठताना, कूस बदलताना कळ येते, कधी कुल्ल्यापर्यंत, मांडीपर्यंत जाते. ही कळ मेंदूपर्यंत नेणारी एक बारीक नस असते, आणि पाय चालवणाऱ्या नसा वेगळ्या. आपण जाळतो ती ही बारकी. एका शेतातली मोटर बंद करायला कुणी गावाची लाईन तोडतं का, तसंच हे.

पण डायरेक्ट जाळायचं नसतं बरं का. आधी टेस्ट. त्या बारक्या नसेजवळ बधिर करायचं औषध थेंबभर सोडायचं, त्याचा असर काही तासच राहतो. बहुतेक जण काय करतात, इंजेक्शन घेऊन घरी जातात आणि डॉक्टरनं आराम सांगितला असंल म्हणून पडून राहतात! मग टेस्ट कळणार कशी? त्या तासांत जे केल्यावर दुखतंय तेच करून बघा, वाका, जिना चढा, खाली बसून उठा. दुखणं बरंचसं गेलं तरच पुढं जायचं, नाही गेलं तर नस ती नव्हेच. काही डॉक्टर ही टेस्ट दोनदा करतात, कंटाळू नका, चांगलंच आहे ते.

पुढं मग पालथं झोपवतात, वर एक्स-रे मशीन, स्क्रीनवर मणके दिसतात, जागा बधिर करून बारीक सुई घालायची. पेशंट जागाच असतो, कारण आम्हाला त्याच्याशी बोलायचं असतंय. सुईतून आधी हलका करंट सोडतो आन् विचारतो, "मावशी, कंबरेत थरथरतंय का? पायात काही जातंय का?" पाय उडाला तर सुई चुकीच्या जागी, काढायची, परत लावायची. पाय गप राहिला तरच सुईचं टोक साधारण 80 डिग्रीपर्यंत तापवतो, मिनिट-दीड मिनिट. झालं. चहा घेऊन त्याच दिवशी घरी. एक-दोन आठवडे तिथं हुळहुळतं, मग फरक कळतो. आराम सहा महिने, वर्ष, कुणाला त्याहून जास्त. नस परत वाढते, दुखणं परत आलं तर परत करता येतंय. मधल्या काळात व्यायाम करून पाठ मजबूत करायची असते, ते कुणी करत नाही, तो आपला जुना रोग.

कंबरेतून पोटरीत, पावलात कळ जात असंल तर प्रकार वेगळा. तिथं मोठी नस दबलेली असते, ती कधीच जाळत नाहीत, तिच्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. शुगरवाल्यांची शुगर त्यानं काही दिवस वाढते, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असंल तर आधी सांगा, दडवू नका.

आता गाल. एक आजी आल्या होत्या, पदर गालापासून बोटभर लांब धरलेला, वारा लागू नये म्हणून, आणि बोलणं अर्ध्या तोंडानं. भाकरी वरणात कुस्करून गिळायच्या, चावलं की गालात करंट. दोन दाढा काढून झालेल्या, दुखणं तिथंच. हे दातांचं नसतंय, चेहऱ्याच्या पाचव्या नसेचं असतं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. बऱ्याचदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी ह्या नसेला घासत असते, म्हणून एमआरआय लागतो. दात किडलेला नसताना चावलं, ब्रश केला, तोंड धुतलं की सेकंदभर वीज चमकल्यासारखं होत असंल तर दाढ काढायच्या आधी नसांच्या डॉक्टरला दाखवा.

पहिली गोळी कार्बामाझेपिन. गुंगी येते, तोल जातो, सोडियम कमी होतं, म्हणून मधून रक्त तपासायचं, अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरकडं. गोळीनं भागलं नाही किंवा सोसली नाही तर ओठाच्या कोपऱ्याशेजारून गालातून सुई, कवटीच्या तळाशी एक छिद्र असतं तिथवर, आणि आत उष्णता देतात, ग्लिसरॉल नावाचं औषध सोडतात नाहीतर छोटा फुगा फुगवून नस दाबतात. कळ थांबते पण गाल बधिर होऊ शकतो, हे आधी विचारून घ्या. तब्येत धडधाकट असंल तर कानामागून ऑपरेशन, रक्तवाहिनी आणि नस यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. अमेरिकेतले पीटर जॅनेटा यांनी 1960च्या दशकापासून ही पद्धत रुजवली, आणि आराम टिकायच्या बाबतीत माझ्या मते हीच सरस.

आणि एक, कंबर दुखताना लघवी-संडासचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाय लुळा पडायला लागला, तर सुईची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. बारीक ताप आणि वजन उतरणं सोबत असंल तर मणक्याचा टीबी तपासायला लावा.

येताना रिपोर्टचा कागदच नको, एमआरआयची फिल्मही आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा, आणि खर्चाचं जमत नसंल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, आधी विचारा, आपल्या कार्डावर काय बसतंय ते.