डेमोला कुठला पदार्थ करायचा?

(सांगलीत स्वयंपाकाच्या भांड्यांच्या थेट विक्रीत, म्हणजे घरोघरी जाऊन भांडी विकण्याच्या कामात, नव्याने आलेल्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार ताईंनो. विषय ठरलाय ‘पहिल्या डेमोसाठी पदार्थाची निवड’, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी आपल्या भांड्यात काय शिजवून दाखवायचं. बहुतेकींच्या हातात वही-पेन दिसतंय, म्हणजे पदार्थांची यादी मिळणार अशी अपेक्षा आहे. यादी देणार आहे, पण शेवटी. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवायची आहे. ती बसली की यादी तुमची तुम्हीच कराल.

डेमोला असा पदार्थ घ्यायचा, जो त्या घरात आधीपासून बिघडत आलाय.

घरातल्या बाईचा हातखंडा असलेला पदार्थ घ्यायचा नाही. कोणी कधी खाल्लेला नाही असा नवलाईचाही घ्यायचा नाही. जो करताना तिला दर वेळी त्रास होतो, खाली लागतो, चिकटतो, वरून शिजतो आणि आत कच्चा राहतो, तो घ्यायचा. पाहणारणीला अडचण आधीच ठाऊक असली तरच ती सुटलेली तिला दिसते.

आता माझी एक तक्रार ऐकून घ्या, बरीच वर्षं मनात आहे. आपल्याला किट मिळतं, त्यात भांड्यांबरोबर रेसिपीचं गुळगुळीत पानांचं पुस्तक असतं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. ते पुस्तक कुठल्या तरी मोठ्या शहरात बसून सगळ्या देशासाठी एकदाच छापलेलं असतं. पहिल्या पानावर व्हाइट सॉस पास्ता, मग बिनअंड्याचा चॉकलेट केक, मग ब्रोकोली. आणि ट्रेनिंगमध्ये सांगतात की पुस्तकाबाहेर जाऊ नका. मी म्हणते, का जाऊ नये? ज्या घरात आपण भांडं विकायला निघालोय, त्या घरात सकाळी काय शिजलं हे त्या पुस्तकाला माहीत आहे का?

मिरजेची एक मुलगी आपल्या कामात नवीन आली होती. हुशार, बोलायला गोड. तिचा पहिला डेमो पलूसकडच्या एका गावात ठरला. घरच्या वहिनींनी शेजारपाजारच्या पंधरा-वीस बायका जमवल्या. बागेतली छाटणी चाललेली, तरी दुपारचं काम लवकर आटपून त्या आल्या. त्यांचा वेळ फुकटचा नसतो हे लक्षात ठेवा. मुलीनं पुस्तकातला केक केला, ओव्हनशिवाय, कढईत. मिश्रण ओतलं आणि झाकण ठेवलं. आता केकचं झाकण मध्येच उघडता येत नाही. पाऊण तास त्या सगळ्याजणी झाकणाकडे बघत बसल्या. ती बोलत होती, वॉरंटी सांगत होती, हप्ते सांगत होती. केक सुरेख फुगला. सगळ्यांनी खाल्ला, वा वा केली. मग भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, “बाळ, ह्यात पिठलं खाली लागतं का गं?”

“नाही आजी, लागत नाही.”

“मग करून दाखव की.”

घरात डाळीचं पीठ होतं, कांदा होता, सगळं होतं. पण धारा काढायची वेळ झालेली. बायका उठल्या. वहिनींनी शेवटपर्यंत मान राखला, चहा दिला, पण ऑर्डर एकही नाही.

ती मुलगी रडत माझ्याकडे आली, म्हणाली, “मावशी, केक तर छान झाला होता.” तोच तर प्रश्न होता! केक चांगला झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे तिथल्या एकीलाही सांगता आलं नसतं. त्या घरात कढईत केक कधी करपलाच नव्हता, त्यामुळे तो न करपल्याचं कौतुक कोणाला असणार? पिठल्याची खरवड मात्र प्रत्येकीनं घासून काढलेली आहे. आजींनी एका वाक्यात सगळं ट्रेनिंग दिलं. मी त्या मुलीला म्हटलं, आजींकडे परत जा, पीठ घेऊन जा. ती गेली. पुढं काय झालं विचारू नका, त्या गावात आज तिची दुसरी फेरी चालू आहे.

(टाळ्या)

टाळ्या आजींना. आता दुसरी गोष्ट, रागाचीच आहे. तुमच्यापैकी काहीजणींना कोणी तरी ‘सोड्याची टेस्ट’ शिकवली असेल. घरातल्या भांड्यात पाणी आणि खायचा सोडा उकळायचा, आपल्या भांड्यातही तसंच करायचं, दोन्हीकडचं पाणी चाखायला द्यायचं. अ‍ॅल्युमिनियममधलं कडवट लागतं. मग चेहरा गंभीर करून म्हणायचं, बघा, हे विष तुम्ही रोज खाता. ताईंनो, हे करू नका. सोडा उकळला की त्याचा अधिक तीव्र सोडा होतो, धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. त्याची स्वतःचीच चव वाईट असते, आणि असं क्षारयुक्त पाणी अ‍ॅल्युमिनियमवर काम करतंच. पण सोड्याचं पाणी उकळून जेवायला कोण वाढतं? चिंच-टोमॅटोचं आंबट कालवण साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवून देऊ नये, एवढं खरं आहे, तेवढंच सांगा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही तिच्याच कट्ट्यापाशी उभं राहून तिच्या भांड्यांना नावं ठेवताय. त्यातलं एखादं भगुलं तिच्या आईनं दिलेलं असतं. सासू समोर बसलेली असते. भीती घालून घेतलेली ऑर्डर आठ दिवसांत परत येते, आणि ती बाई पुन्हा दारात उभं करत नाही.

भांडं दाखवायचा प्रामाणिक रस्ता फार जुना आहे, आणि त्याचा किस्सा मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपला कुकर ज्याच्यापासून सुरू झाला, तो दनी पापँ नावाचा फ्रेंच माणूस. १६७९ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीत आपलं घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं दाखवलं. वाफ बेफाम झाली तर बाहेर पडायला वाट हवी म्हणून त्याला झडपही त्यानंच बसवली. १२ एप्रिल १६८२ ला त्यानं त्या विद्वान मंडळींना चक्क जेवायला घातलं, सगळं त्याच भांड्यात शिजवून. जॉन एव्हलिन नावाचे गृहस्थ पंगतीला होते, त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय. मासे आणि मांस होतंच, पण पापँनं आणखी काय शिजवलं असेल? बैलाची आणि मेंढीची हाडं! आपल्याला ऐकायला कसंसंच वाटेल, पण निवड बघा. नुसतं मटण मऊ केलं असतं तर कोणी म्हटलं असतं, आमचा आचारीही करतो. हाड मात्र कोणाकडेच शिजत नव्हतं. एव्हलिन लिहितात, कठीणातली कठीण हाडं चीजइतकी मऊ झाली, आणि कोळसा लागला आठ औंसांपेक्षा कमी, म्हणजे आपल्या पाव किलोच्याही आत. इंधनाचा हिशेबसुद्धा पापँनं समोरच दाखवला. हाडांची जेली इतकी आवडली की एव्हलिननी ग्लासभर घरी बायकोला पाठवली. पाहुण्यानं खाऊन घरी डबा पाठवला, यापेक्षा चांगला डेमो कुठला?

आणखी एक नाव सांगते, मग पुढे. अमेरिकेत टपरवेअरचे डबे आधी दुकानात ठेवलेले होते, खपत नव्हते, कारण ते झाकण कसं दाबून हवा काढायची हे लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज या बाईंनी घरी बैठका घेऊन ते झाकण हातात देऊन दाखवलं. १९५१ मध्ये कंपनीनं दुकानांतला माल काढून घेतला आणि घरच्या बैठकींतूनच विकायला सुरुवात केली. दुकानात जे दिसू शकत नाही तेवढंच घरात दाखवायचं, बाकीची बडबड लागत नाही.

संयोजक ताई घड्याळ दाखवताहेत. किती? दहा मिनिटं? बरं, मग भरभर घ्या लिहून, मधले विनोद गाळते.

पहिला पदार्थ झुणका. स्टीलची जाड बुडाची कढई असेल तर दुसरं काही शोधू नका. बेसनात प्रथिनं आणि स्टार्च दोन्ही, ओलं पीठ तापल्या धातूला धरतंच. नुसतं स्टील उष्णता पसरवायला फार मंद, अ‍ॅल्युमिनियमच्या मानानं दहा पटींहून कमी, म्हणून पातळ स्टीलमध्ये ज्योतीच्या वर्तुळावर तेवढंच करपतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, तो आच बुडभर पसरवतो. हे तोंडानं सांगायच्या आधी दाखवा: रिकामी कढई मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाका. चर्र करून विरला तर अजून थांबा. थेंब गोळी होऊन पळायला लागला की आच कमी करा, तेल घाला, मग मोहरी. बायका इथंच पुढे सरकतात. पण नॉनस्टिकला हा प्रयोग कधीच करायचा नाही. रिकामं भांडं फार तापवायचं नसतं, २६० अंशांच्या पुढे तो थर खराब व्हायला लागतो.

दुसरा, खपली गव्हाची खीर. आपल्याकडे सणाला करतातच, जतकडे हुग्गी म्हणतात. गहू घरी भिजवून, सडून, शिजवून न्या. डेमोत फक्त आटवायचा टप्पा ठेवा, कारण लागते ती तिथंच. दूध घालणार असाल तर गूळ शेवटी, गॅस बंद करून घाला, नाही तर सगळ्यांसमोर फाटेल.

तिसरा, कुकरसाठी न भिजवलेले हरभरे. एरवी भिजवायला विसरलं की भाजीचा बेतच बदलतो. पूर्ण दाबाला आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, उघड्या भांड्यात पाणी १०० च्या पुढे जात नाही, एवढंच शास्त्र सांगा. वेळ आधी स्वतःच्या घरी, त्याच दुकानातल्या हरभऱ्यावर मोजून घ्या, जुना हरभरा दगा देतो.

चौथा, झाकणाच्या पॅनमध्ये भरलं वांगं, कमी तेलात, वाफेवर. कृष्णाकाठची वांगी पातळ सालीची, पटकन मऊ होतात. पण इथं एक सांभाळा. आपल्या सांगली-मिरजेत जैन घरं खूप. त्यांतल्या कितीतरी घरांत कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, वांगंही नाही, आणि हिंदू घरांतही कितीतरीजणी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत वांगं-कांदा सोडतात. म्हणून दोन दिवस आधी घरच्या बाईला फोन करून विचारा: काय चालत नाही, उपवास कोणाचा आहे, शेगडी गॅसची की इंडक्शनची. इंडक्शनला बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे, एक छोटं चुंबक पर्समध्येच ठेवा.

काय करू नये? तळण नको, सगळ्यांचे डोळे तेलावर राहतात. पुरणपोळी तर अजिबात नको. तिथं हात महत्त्वाचा, भांडं दुय्यम, आणि समोर बसलेली प्रत्येकजण परीक्षक असते. कुकरचे हरभरे सोडले तर अर्ध्या तासात ताटात पडत नाही तो पदार्थ नको. सामान त्यांच्या घरातलं वापरलंत तर आधी विचारून, महाग सामान यजमानीणबाईंच्या माथी मारायचं नाही. चटणी मात्र त्यांचीच घ्या, त्यांच्या घरची कांदा-लसूण चटणी पडली की चव त्यांची, कढई तुमची.

कायद्याचं एकच. डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे ग्राहक संरक्षण नियम लागू आहेत. ओळखपत्र न घेता आणि आधी वेळ न ठरवता कोणाच्या घरी जायचं नाही. आपण कोण, कुठल्या कंपनीच्या, कशासाठी आलो हे सुरुवातीलाच सांगायचं. शुगर उतरेल, बीपी कमी होईल, असलं काही बोलायचं नाही. कढईनं जे करून दाखवलं तेवढंच बोला.

आणि उलथनं. पीठ पडलं की उलथनं घरच्या वहिनींच्या हातात द्या. झुणका त्यांनाच परतू दे, वाफ त्यांनाच काढू दे. तुम्ही मागे व्हा. पुस्तकातला पास्ता करत असाल तर हे जमत नाही, पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं. झुणक्याला शिकवावं लागत नाही. सासूबाई बसल्या जागेवरून “आता पाण्याचा हबका मार” म्हणतील. म्हणू द्या.

खाऊन झालं की कढई मोरीत टाकून निघून येऊ नका. गरम असताना थोडं पाणी घालून ठेवा, मग सगळ्यांसमोर त्यांच्याच घासणीनं घासून उपडी घाला. किंमत ह्यानंतर विचारली जाते, आधी सांगायची घाई करू नका. प्रश्न जिन्यात घेते, हॉल सोडायचाय.