डोळ्यांसाठी लिहिलेली यादी कानांना ऐकवताना

श्रोतेहो, ठाण्याच्या फलाटावर गर्दीत उभ्या असलेल्या माणसालाही गाडीची घोषणा सहज कळते. आधी एक सूर वाजतो, कान सावध होतात, आणि मग ठरलेली माहिती ठरलेल्या क्रमाने येते. त्या घोषणेतल्या वाक्याचा साचा पक्का असतो. गाडीचे नाव, वेळ आणि फलाटाचा क्रमांक एवढे तुकडे बदलून जोडले जातात. कामांची यादी ठेवणारे अ‍ॅप आणि मजकूर वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज यांची लो-कोड साधनांनी, म्हणजे फारसा कोड न लिहिता पायऱ्या जोडून काम करून देणाऱ्या साधनांनी, सांगड कशी घालावी, हा आजचा विषय आहे. त्याची सुरुवात मी फलाटावरून करतो आहे, कारण मला फार उशिरा कळलेली गोष्ट त्या घोषणेत आधीपासूनच होती.

माझी आत्या ठाण्याच्या नौपाड्यात राहते आणि घरून पोळी-भाजी, भाकऱ्या व सणावाराला फराळ पुरवते. काचबिंदूमुळे तिची नजर इतकी अधू झाली की स्वतःच्या वहीतले अक्षर तिला लागेना, पण हात आणि चव दोन्ही शाबूत असल्यामुळे काम थांबवण्याचा प्रश्न नव्हता. माझी बहीण फोनवर ऑर्डरी घेऊन त्या अ‍ॅपमध्ये लिहू लागली, आणि पहाटे पाचला, घरातले बाकीचे झोपेत असताना, आत्याला त्या ऐकू याव्यात अशी सोय करण्याचे काम माझ्याकडे आले.

जोडणीचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो खरोखरच सोपा झाला आहे. २०११ पासून चालू असलेले झॅपियर, पूर्वी इंटिग्रोमॅट या नावाने ओळखले जाणारे मेक, २०१९ मध्ये आलेले आणि स्वतःच्या संगणकावरही चालवता येणारे एन-एट-एन, किंवा मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट, यांपैकी कोणतेही लो-कोड साधन घेतले तरी मांडणी एकच असते. एखादी घटना घडली की काम सुरू होते, तिच्यामागून पायऱ्या येतात आणि प्रत्येक पायरी आपले फलित पुढच्या पायरीच्या हाती देते; या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. आमच्याकडे पहाटे पाचला वर्कफ्लो जागा होतो, अ‍ॅपकडून आजच्या तारखेची कामे मागतो, प्रत्येक कामाचा मजकूर आवाज तयार करणाऱ्या सेवेकडे पाठवतो आणि आलेला आवाज टेलिग्रामवर आत्याच्या फोनवर पोहोचवतो. मराठी आवाज गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांकडे आहेत, आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खुली मॉडेल उपलब्ध केली आहेत, आणि इंटरनेटशिवाय चालणारे ई-स्पीक एनजी काहीसे यांत्रिक असले तरी मराठी बोलते. अडायला होते ते बारीक जागी. गूगलच्या सेवेकडून आवाज थेट फाइल म्हणून येत नाही, तर बेस-६४ या पद्धतीने अक्षरांच्या लांबलचक ओळीत गुंडाळून येतो, आणि तो उलगडून फाइल करण्याची पायरी आपल्यालाच घालावी लागते. तिथे एका वेळी पाच हजार बाइटपर्यंतच (बाइट म्हणजे संगणकातल्या मजकुराचे माप) मजकूर स्वीकारला जातो, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेत असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे सोळाशे चिन्हांतच मर्यादा संपते.

हे सारे एका रविवारी दुपारी जुळले. सोमवारी पहाटे आत्याने पहिली ऑर्डर ऐकली आणि मला फोन करून विचारले, "अरे, हा बाबा म्हणतोय काय?" बहिणीने लिहिले होते: "चकली १.५ किलो, घंटाळी, दु. १२:३०". आवाजाने "एक पूर्णांक पाच किलो" म्हटले, "दु" हे अक्षर सुटे उच्चारले आणि पुढे "बारा तीस" म्हटले. लिहिणारीच्या डोळ्यांना ती ओळ निर्दोष होती, पण आत्याच्या स्वयंपाकघरात दीड किलो असते, साडेबारा असतात, आणि "एक पूर्णांक पाच" हे माप तिथे कोणी कधी वापरलेले नाही.

मला वाटते, या विषयातले खरे काम इथेच आहे. अ‍ॅप आणि आवाज यांच्या मध्ये मजकूर बोलका करणारी एक पायरी हवी, आणि लो-कोड साधनात जो थोडासा कोड लिहावा लागतो तो या पायरीवर आनंदाने लिहावा. १:३० म्हणजे दीड, २:३० म्हणजे अडीच, बाकीचे अर्धे तास साडे. १:१५ ला नुसते सव्वा, पुढे सव्वादोन, सव्वातीन. १२:४५ ला पाऊण, पण १:४५ ला पावणेदोन. ही व्यवस्था अनियमित दिसली तरी अपवाद मोजकेच आहेत, त्यामुळे पंधरा-वीस ओळींत ती नीट बसते. "स.", "दु.", "सं." यांची पूर्ण रूपे करावी लागतात. भाकऱ्या आणि पुऱ्या हे शब्द घाईत साधा र आणि य जोडून लिहिले तर ते "सूर्या"सारखे वाचले जातात, म्हणून तेही दुरुस्त करून पुढे पाठवावे लागतात. चटणीतला च आणि चहातला च आपण वेगळा उच्चारतो, पण आपली लिपी तो भेद दाखवत नाही. तिथे आवाजाच्या मॉडेलवरच विसंबावे लागते, आणि चुकीचा च आत्याने समजून घेतला आहे.

दुसरी दुरुस्ती क्रमाची होती. डोळा यादीवरून मागे-पुढे फिरू शकतो; कानाला मागे वळता येत नाही, आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या महत्त्वाच्या शब्दासाठी आधीचे सगळे लक्षात धरून बसावे लागते. त्यामुळे आम्ही फलाटावरचा साचा उचलला: आधी एक छोटा सूर, मग "आज सात ऑर्डरी आहेत", आणि त्यानंतर प्रत्येक ऑर्डर वेळ, जिन्नस, माप आणि ठिकाण याच क्रमाने, प्रत्येकीचा वेगळा ध्वनिसंदेश करून. वेगळा संदेश असल्यामुळे तिला हवी ती ऑर्डर पुन्हा ऐकता येते, बाइटची मर्यादाही आपोआप पाळली जाते, आणि रोज सारखी असणारी डब्याची ऑर्डर पुन्हा तयार न करता साठवलेल्या आवाजातून देता येते. या सेवांचे शुल्क अक्षरसंख्येवर आकारले जाते, तेव्हा ही बचत लहान व्यवसायाने सोडू नये.

चुका माझ्या हातूनही झाल्या. एका साधनात वेळक्षेत्र मुळात न्यूयॉर्कचे होते आणि मी ते तपासले नव्हते. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे पहाटे पाचची यादी दुपारी अडीचला वाजली. पुढे मी एखादे काम बदलले की वर्कफ्लोला आपोआप वर्दी जावी अशी सोय, म्हणजे वेबहुक, जोडली आणि ऐकवून झालेल्या कामावर तशी खूण करण्याची पायरीही जोडली. खूण झाली म्हणजे काम बदलले, म्हणून त्याची वर्दी वेबहुकने पुन्हा वर्कफ्लोला गेली, त्याने तेच काम पुन्हा ऐकवले, पुन्हा खूण केली, आणि मी येऊन बंद करेपर्यंत आत्याचा फोन पुरणपोळ्यांचाच जप करत राहिला. वर्कफ्लो ज्या गोष्टीने जागा होतो तीच गोष्ट त्याने स्वतः बदलू नये, किंवा बदलायची असेल तर खूण आधीच आहे का हे पहिल्या पायरीवर तपासावे. ग्राहकांचे फोन नंबर आणि पूर्ण पत्ते मात्र आम्ही आवाजाच्या सेवेकडे पहिल्यापासूनच जाऊ दिले नाहीत. आत्याला घंटाळी एवढे परिसराचे नाव पुरते, आणि स्वयंपाकघरात मोठ्याने वाजणारी गोष्ट शेजाऱ्यांनाही ऐकू जाते.

सर्वांत जास्त काळजीची गोष्ट शांततेची आहे. पडद्यावर यादी उघडली नाही तर काहीतरी बिघडल्याचे दिसते, पण पहाटे पाचला आवाज आला नाही तर आज काम नाही असाच अर्थ निघतो. एकदा अ‍ॅपची परवानगी संपल्यामुळे वर्कफ्लो पहिल्याच पायरीवर थांबला, आत्या निवांत बसली, आणि साडेदहाच्या भाकऱ्यांसाठी माणूस दारात उभा राहिला. तेव्हापासून ऑर्डर नसली तरी "आज एकही ऑर्डर नाही" हे वाक्य वाजते, कोणतीही पायरी अडली तर मला आणि बहिणीला वेगळा संदेश येतो, आणि पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत काहीच वाजले नाही तर आत्याने मला उठवायचे असे ठरले आहे. आजवर तिने मला दोनदा उठवले आहे, आणि दोन्ही वेळा बिघाड खरा होता.