संजीवन कोणासाठी मागायचं?

बंधू-भगिनींनो, आपल्या मंडळ्यांमध्ये संजीवनासाठी, म्हणजे विश्वासात नव्याने जिवंत होण्यासाठी, प्रार्थना होत नाही असा महिना जात नाही. उपवास-प्रार्थना होतात, रात्रभर जागून प्रार्थना होतात, तीन-तीन दिवसांच्या सभांना मांडव पडतात. हे सगळं मला फार प्रिय आहे. ज्या मंडळीने प्रार्थना सोडली तिच्यात बाकी कितीही व्यवस्था नीट असली तरी जीव राहत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो. म्हणूनच आज तुमच्यापुढे एकच प्रश्न घेऊन उभा आहे. हे संजीवन आपण मागतो, ते कोणासाठी?

आपल्या प्रार्थना जरा कान देऊन ऐका. “प्रभू, आमच्या मंडळीला आशीर्वाद दे. आमच्या मुलाबाळांना आशीर्वाद दे. आमची उपस्थिती वाढू दे, आमचं मंदिराचं काम पूर्ण होऊ दे.” यात एकही मागणी वाईट नाही. पण वाक्य “आमच्या”पाशी सुरू होतं आणि “आमच्या”पाशीच संपतं. सदुसष्टावं स्तोत्र असं थांबत नाही. देवाने आमच्यावर दया करावी, आम्हांला आशीर्वाद द्यावा, आपला मुखप्रकाश आमच्यावर पाडावा, एवढं मागून स्तोत्रकर्ता लगेच पुढे जातो : म्हणजे तुझा मार्ग पृथ्वीवर कळेल, तुझं तारण सर्व राष्ट्रांना कळेल. अब्राहामालाही देवाने नुसतं “तुला आशीर्वाद देईन” असं सांगितलं नाही. तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील, असं सांगितलं. त्याला आशीर्वाद मिळाला तोच पुढे जाण्यासाठी.

आता हे शास्त्रातून पटवत बसण्यापेक्षा मी तुम्हांला आपल्याच मातीतली एक हकिगत सांगतो. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव आहे. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तुम्हांला माहीत आहे. रमाबाईंची विद्वत्ता, शारदासदन, विधवांसाठी त्यांनी केलेलं काम, हे शाळेच्या पुस्तकातही येतं. पण १९०५ साली केडगावात काय घडलं, हे आपल्याच तरुणांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

थोडं मागे जाऊ. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण गेली. भूक म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या देहाने माहीत होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्या साक्षीत त्या स्वतःच लिहितात की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. मला ही कबुली फार मोलाची वाटते. एवढी जगप्रसिद्ध बाई, संस्कृतची पंडिता, संस्थेची संस्थापक, आणि ती सांगते की मला नव्याने जिवंत व्हावं लागलं. आपल्यापैकी जे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत त्यांनी हे ऐकून ठेवावं.

पुढे १८९६ साली लोणावळ्याला एक प्रार्थना-शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती झालेल्या मुलींना घेऊन तिथे गेल्या. मन आनंदाने भरलं आणि त्यांनी देवाकडे मागणं केलं की, पुढच्या शिबिरापर्यंत या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. मागणं मोठं धिटाईचं होतं. आणि त्याचं उत्तर कसं आलं? त्याच वर्षाच्या अखेरीला मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. हाडांचे सापळे झालेल्या मुली, बालविधवा, रस्त्यावर टाकून दिलेली लेकरं. रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. कोणाच्या अंगावर धड वस्त्र नव्हतं, डोक्यात उवा, पोटात आजार, आणि वागणं असं की अन्नावरून मारामाऱ्या. पुण्यात प्लेगची धास्ती, शहरात इतक्या मुली ठेवणं अवघड झालं, म्हणून केडगावच्या माळावर बिऱ्हाड थाटावं लागलं. मुक्ती मिशनची वस्ती तिथे अशी उभी राहिली.

आपण इथे थांबून विचार करू. प्रार्थना होती आध्यात्मिक लेकरांसाठी. उत्तर आलं ते भुकेल्या तोंडांच्या रूपात. त्यांना आधी जेवू घालायचं होतं, धुऊन-पुसून माणसात आणायचं होतं. जी मंडळी “प्रभू, आत्मे दे” म्हणते तिने दार वाजल्यावर कोण उभं आहे ते बघून दचकू नये.

१८९८ साली रमाबाई इंग्लंडात केसविकच्या मोठ्या सभेला गेल्या. तिथे बोलायची संधी मिळाली तेव्हा त्यांना संस्थेसाठी पैसे मागता आले असते. तशी गरजही होती. त्यांनी मागितलं ते एवढंच की, भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा आणि त्यांच्यातून आपल्याच देशबांधवांना सुवार्ता सांगणारे स्त्री-पुरुष उठावेत, यासाठी प्रार्थना करा. मग १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

१९०४च्या अखेरीस वेल्समध्ये संजीवन सुरू झालं. इव्हान रॉबर्ट्स नावाचा कोळशाच्या खाणीत काम केलेला तरुण त्यात पुढे होता. तिथल्या मिशनऱ्यांमुळे पुढच्या वर्षी आपल्या ईशान्येकडच्या खासी टेकड्यांतही ते पोहोचलं. वेल्सची बातमी केडगावला आली. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं की, रोज माझ्याबरोबर संजीवनासाठी प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली, आणि दिवसातून दोनदा जमणं सुरू झालं.

आता ज्यासाठी ही सगळी हकिगत सांगितली ती गोष्ट. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई तेव्हा रमाबाईंच्या सोबत काम करत होत्या, त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये रमाबाईंनी आणखी एक विचारणा केली. अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे? तीस तरुण मुली पुढे आल्या. या तीस जणी रोज एकत्र बसून मागत होत्या की, प्रभू, आम्हांला या कामासाठी सामर्थ्य दे. आणि त्या प्रार्थनेत असतानाच संजीवन आलं.

म्हणजे क्रम बघा. आपण म्हणतो, आधी भरून दे, मग वाटू. केडगावच्या मुलींनी वाटायला निघायचं आधी ठरवलं, आणि भरून मिळालं ते निघण्याच्या तयारीत असताना. आणि या तीस जणी कोण होत्या? चांगल्या घरच्या, पोटभर जेवलेल्या, शिकल्या-सवरलेल्या बायका नव्हत्या. काही वर्षांपूर्वी दुष्काळातून उचलून आणलेल्या, लोकांच्या देणगीवर जगणाऱ्या मुलींच्या घरातल्या होत्या. त्यांना कोणी म्हणालं असतं, “तुम्ही काय देणार?” तर त्यात आश्चर्य नव्हतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पहिला आणि दुसरा, पुन्हा वाचा. माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करणाऱ्यांना प्रभूने आधीच सांगून ठेवलं होतं की, तुम्ही पृथ्वीच्या शेवटापर्यंत माझे साक्षी व्हाल. काम आधी हातात दिलं होतं, सामर्थ्य त्या कामासाठी आलं.

२९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला त्या तीस जणींपैकी एकीवर आत्मा उतरला. शेजारी झोपलेल्या मुलीला वाटलं, हिला आगीने वेढलंय. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच कळलं की ही जळत नाहीये. त्या आवारातल्या मुली उठल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. दुसऱ्या दिवशी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, तोच सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. शाळेचे वर्ग बाजूला राहिले. चोरलेल्या वस्तू, बोललेली खोटी वचनं, मनात धरलेला राग, सगळं उघडं होऊ लागलं.

या गोंगाटावर टीका झाली. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, थरथरतात, हे काय चाललंय, असं काही मिशनऱ्यांनाही वाटलं. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. भारतातल्या माणसांनी आपल्या रीतीने देवासमोर रडावं, हसावं, यात त्यांना वावगं दिसलं नाही. माझं मत विचाराल तर मी आवाजाच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. मी बघतो ते दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते. आणि केडगावात दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींच्या टोळ्या खेड्यांकडे निघू लागल्या. जाणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. ज्या मागे राहत त्या मुली नावांच्या याद्या हातात घेऊन प्रार्थना करत. हजारो माणसांची नावं, आणि त्यातली कित्येक माणसं त्यांनी कधी पाहिलेलीही नव्हती.

हा आशीर्वाद किती लांब गेला, तेही सांगतो. मिनी अब्राम्स बाईंनी १९०६ साली केडगावच्या अनुभवावर एक पुस्तक लिहिलं. त्याची प्रत त्यांनी दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वालपराइसो शहरात राहणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीला पाठवली. तिचे पती विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होते. ते पुस्तक वाचून त्या मंडळीने प्रार्थना धरली आणि १९०९ साली तिथे संजीवन आलं. आज चिलीत मोठा पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा ख्रिस्ती समाज आहे, आणि त्याचं एक मूळ दौंड तालुक्यात आहे!

आणि केडगावात ते सभेपुरतं राहिलं नाही, हे तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मनोरमाबाई, रमाबाईंची मुलगी, ब्रेल लिपी शिकल्या आणि बार्तिमी सदनातल्या अंध स्त्रियांना शिकवू लागल्या. छापखान्यात मुली मराठीबरोबर हिब्रू आणि ग्रीक खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकल्या, कारण रमाबाई मूळ भाषांवरून मराठी बायबल तयार करत होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते असावं, हा त्यांचा आग्रह. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली छापून आलं. प्रार्थनेत गुडघे टेकलेली तीच माणसं दिवसा शिशाचे बारीक खिळे उचलत होती.

आता आपल्याकडे वळतो. आशीर्वाद वाटणं म्हणजे कोणावर काही लादणं, असा समज काही जणांचा आहे आणि त्या भीतीने आपले लोक शेजाऱ्याशी प्रार्थनेबद्दल बोलतच नाहीत. प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितलं, ज्या घरात जाल तिथे आधी “या घरास शांती असो” असं म्हणा. घराने ती घेतली तर ती तिथे राहील, नाही घेतली तर तुमच्याकडे परत येईल. यात जबरदस्ती कुठे आहे? यिर्मया तर बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहितो की, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. परक्या नगरासाठी एवढं सांगितलं, मग आपली तर ही जन्मभूमी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं डायलिसिस चालू आहे. कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला दहावीत दोन विषय राहिलेत. वॉचमन दादा गावाकडे पाऊस झाला का म्हणून रोज फोन करतात. “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” एवढं विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट डोळ्यांत पाणी आणतात. आणि विचारलंत तर नुसतं विचारून थांबू नका. काकूंना दवाखान्यात सोडायला जा. त्या मुलाला रोज तासभर गणित शिकवा.

आणि मंडळीतल्या ज्यांना आपण फक्त घेणारे समजतो त्यांना पुढे करा. विधवा निधीतून ज्यांना मदत जाते त्या आजींना प्रार्थनेची यादी द्या. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराला सभेत साक्ष देऊ द्या. केडगावचा देव अजून तसाच आहे, त्याला माणसं निवडताना शिफारसपत्र लागत नाही.

म्हणून आजची प्रार्थना थोडी वेगळी करू. बाकांवर कोरे कागद ठेवले आहेत. प्रत्येकाने तीन नावं लिहायची, तिन्ही या मंडळीच्या बाहेरची. प्रत्येक नावापुढे या आठवड्यात त्या माणसासाठी तुम्ही काय करणार, ते एका ओळीत लिहा. स्वतःच्या घरासाठी उद्या सकाळी प्रार्थना करू, देव ती ऐकेलच. आता पेन काढा. पाच मिनिटांनी पाळकसाहेब प्रार्थनेला सुरुवात करतील आणि मग ज्याला-त्याला आपापल्या भाषेत, मोठ्याने किंवा हळू, जसं जमेल तसं मागता येईल.