नकाशा राज्याचा, मोजपट्टी शहराची

अमेरिकेत झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं याचे नियम, हा शहराचा हक्क, असं सर्रास धरून चालतात. कायद्याने मात्र हा अधिकार मूळचा राज्याचा. राज्याने तो शहरांकडे सोपवला. 1926च्या युक्लिड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर शिक्कामोर्तब केलं आणि काही अपवाद वगळता राज्यांनी पुढे कित्येक दशकं त्यात हात घातला नाही. 2019मध्ये ओरेगनने मोठ्या शहरांतल्या एकेरी घरांच्या भागांत एका भूखंडावर चार घरांपर्यंत मुभा द्यायला लावली. 2021मध्ये कॅलिफोर्नियाने एसबी 9 हा कायदा आणला (एकेरी घराच्या भूखंडावर दोन घरं आणि भूखंडाचे दोन तुकडे करायची मुभा), 2023मध्ये वॉशिंग्टन राज्याने त्याच वळणाचा एचबी 1110.

आता शहर काय करतं ते पाहू. 50 फूट बाय 100 फूट, म्हणजे 5,000 चौरस फुटांचा भूखंड घ्या. राज्य म्हणतं, इथे चार घरं होऊ द्या. शहर म्हणतं, हरकत नाही. पण नियमावलीत पुढे-मागे 20-20 फूट आणि दोन्ही बाजूंना 5-5 फूट सामासिक अंतर सोडायचं आहे. उरले 40 बाय 60, म्हणजे 2,400 चौरस फूट. दर घरामागे दोन गाड्यांचं पार्किंग हवं, तेही मोकळ्या सोडलेल्या जागेत नको. आठ गाड्या, वळायच्या जागेसह प्रत्येकी साधारण 300 चौरस फूट: पुन्हा 2,400. झालं! घरं पार्किंगच्या डोक्यावर बांधावी लागतात. त्यात उंचीची मर्यादा दोन मजल्यांची असेल तर चारही घरं एकाच मजल्यावर, जिन्याची जागा वजा करून. एवढ्यावर कर्ज कोण देणार? नकार कुठेच दिलेला नाही, तरी प्रकल्प मेला.

म्हणून राज्यांनी नुसती घरांची संख्या सांगणं सोडून आकडे बांधायला घेतले. एसबी 9नुसार बाजूचं आणि मागचं अंतर 4 फुटांपेक्षा जास्त मागता येत नाही. प्रत्येकी 800 चौरस फुटांची दोन घरं बसणारच नाहीत, असा नियम लावता येत नाही. पार्किंग दर घराला जास्तीत जास्त एका गाडीचं, आणि चांगल्या सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलात शून्य. भूखंडाचे दोन तुकडे करताना लहान तुकडा मूळच्या 40 टक्क्यांहून कमी नको आणि, शहराने आणखी सूट दिली नसेल तर, 1,200 चौरस फुटांहूनही कमी नको. अर्ज निकषांत बसला की मंजुरी द्यायचीच, सुनावणी नाही. याच कायद्यात एक अट मात्र अशी आहे की तिने अनेक बिल्डर लांबच राहिले: तुकडे करणाऱ्या मालकाने तिथल्या एका घरात तीन वर्षं राहण्याचा इरादा प्रतिज्ञापत्रावर द्यायचा.

पळवाटा शोधण्यात शहरंही कमी नाहीत. 2022मध्ये कॅलिफोर्नियातल्या वुडसाइडने अख्खं गावच पहाडी सिंहाचा अधिवास आहे म्हणून एसबी 9चे अर्ज थांबवले. राज्याच्या महाधिवक्त्याचं पत्र आलं आणि गावाने माघार घेतली.

जास्त धाक आहे तो गृहनिर्माण आराखड्याचा. कॅलिफोर्नियात बहुतेक शहरांना दर आठ वर्षांनी, वाट्याला आलेली घरं कुठे मावतील ते भूखंडांसकट दाखवावं लागतं. आराखडा राज्याच्या कसोटीला उतरला नाही तर ‘बिल्डर्स रेमेडी’ लागू होते: ठरलेला हिस्सा परवडणाऱ्या घरांचा असेल, तर प्रकल्प झोनिंगशी जुळत नाही या कारणावर तो नाकारता येत नाही. सँटा मोनिकाचा आराखडा रखडला तेव्हा या मार्गाने चार हजारांहून जास्त घरांचे अर्ज आले.

न्यायालयात मात्र राज्यच दर वेळी जिंकतं असं नाही. 2024मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने पाच चार्टर शहरांपुरता (स्वतःच्या सनदेनुसार स्थानिक कारभार चालवणारी शहरं) एसबी 9 घटनाबाह्य ठरवला. कायद्याचा घोषित हेतू परवडणारी घरं, पण तरतुदी त्याची हमी देत नाहीत, हा आक्षेप होता. विधिमंडळाने त्याच वर्षी हेतूची भाषा बदलली. मॅसॅच्युसेट्समध्ये रेल्वेलगत जास्त घरांना मुभा द्या, असा राज्याचा कायदा आहे; मिल्टन गावाच्या मतदारांनी त्यासाठीची योजना फेटाळली. जानेवारी 2025मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बंधनकारक ठरवला, पण एकरी 15 घरांच्या अटीचा तपशील ज्या मार्गदर्शक सूचनांत होता, त्या रीतसर जारी न झाल्याने गैरलागू ठरवल्या. राज्याला तातडीने नवे नियम काढावे लागले.