पाच व्होल्टची हमी: कमोडोर ६४ साठी नवा वीजपुरवठा

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला. कीबोर्डच्या आवरणातच सारा संगणक सामावलेला असे आणि त्याला वीज देणारा जड ठोकळा मात्र बाहेर, वायरीच्या टोकाला, जमिनीवर पडलेला असे. आपण पाहत असलेले यंत्र सोलापूरच्या पूर्व भागात, एका निवृत्त आयटीआय शिक्षकांच्या टेबलावर आहे. शेजारच्या यंत्रमागांचा आवाज खिडकीतून सतत येत असतो. संगणक शाबूत आहे. चिंता आहे ती त्या ठोकळ्याची.

या ठोकळ्यातून दोन पुरवठे निघतात: ५ व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी), दीड अँपिअरपर्यंत, आणि ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी), एक अँपिअरपर्यंत. आतील सर्व भाग इपॉक्सीमध्ये गाडलेले असल्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते, आणि ज्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो, तेथे तर ही अडचण अधिकच जाचते. वर्षानुवर्षे तापत राहिलेला, व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर अखेर बिघडतो, आणि तो बिघडला की अनेकदा व्होल्टेज नाहीसे न होता वाढते. यंत्रातील ४१६४ जातीच्या आठ मेमरी चिपांची सहनमर्यादा साधारणपणे ७ व्होल्टची असते. त्यांच्याबरोबर ज्या चिपा जळतात, त्यांतील कित्येक कमोडोरच्याच मॉस टेक्नॉलॉजी या कारखान्यात बनत असत, आणि कमोडोर कंपनी १९९४ साली दिवाळखोरीत गेली. त्यामुळे जुन्या ठोकळ्यावर आज मल्टिमीटरने ५ व्होल्ट दाखवले तरी त्यावर विसंबणे योग्य नाही, असे शिक्षकांचे स्पष्ट मत आहे आणि आम्हालाही ते पूर्णपणे पटते.

तयार मॉड्यूल सहज मिळत असल्याने नवा पुरवठा संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करावा, असे कोणालाही वाटेल. ५ व्होल्टपुरते ते बरोबरच आहे, आणि येथेही त्यासाठी तीन अँपिअरचे स्विचिंग मॉड्यूल घेतले आहे. ९ व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्यापासून यंत्राच्या आत चित्राच्या आणि ध्वनीच्या चिपांसाठी १२ व्होल्ट तयार होतात, त्याच्यावर कॅसेट रेकॉर्डरची मोटार चालते, आणि ६५२६ या चिपमधील दिवसाचे घड्याळ त्याचीच आवर्तने मोजून पुढे सरकते. सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे घरात येणाऱ्या विजेचीच वारंवारता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, उर्वरित देशाच्या ग्रिडशी एका लयीत जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाची वारंवारता एकच आहे आणि ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखली जावी, असा नियम आहे. हे छोटे घड्याळ त्या अवाढव्य ग्रिडच्या तालावर चालते, ही आम्हाला या संगणकाची सर्वांत विलोभनीय बाब वाटते. लोखंडी कोअरचा (गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर ही आवर्तने जशीच्या तशी पोहोचवतो, म्हणून येथे तोच हवा.

असा ट्रान्सफॉर्मर बाजारात तयारही मिळतो, परंतु सोलापुरात यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करणारे कसबी कारागीर असताना तो गुंडाळून घेणेच शिक्षकांना अधिक भरवशाचे वाटले. कोअरच्या मधल्या पायाचा छेद सुमारे ६.४५ चौरस सेंटीमीटर आहे. एवढ्या कोअरला दर व्होल्टमागे साधारण सात वेढे लागतात. म्हणजे प्रायमरीला, घरातील २३० व्होल्ट जिला जोडतात त्या गुंडाळीला, सुमारे १,६१० वेढे. सेकंडरीला, म्हणजे ९ व्होल्ट देणाऱ्या गुंडाळीला, हिशेबाने ६३ वेढे येतात, पण भार पडल्यावर व्होल्टेज थोडे उतरते, म्हणून ते ७० च्या आसपास ठेवले आहेत. दोन्ही गुंडाळ्यांमध्ये इन्सुलेशन पेपरचे थर आहेत. वार्निश वाळल्यावर ट्रान्सफॉर्मर लगेच नेता येईल का, असे शिक्षकांनी विचारले, तेव्हा कारागिराचे उत्तर आले, “सर, मेगर लावल्याशिवाय माझ्या दुकानातून काही बाहेर जात नाही.” प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर हे इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण लावून इन्सुलेशन तपासले गेले, त्यानंतरच माल हाती आला.

आता या बांधणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. नवे मॉड्यूलही एखाद्या दिवशी बिघडू शकते, हे गृहीत धरूनच ५ व्होल्टच्या वाटेवर एक फ्यूज आणि त्याच्यापुढे एक संरक्षक सर्किट बसवले आहे. टीएल ४३१ ही छोटी चिप आपल्या टोकावरील व्होल्टेजची अडीच व्होल्टशी तुलना करते. १.२ किलोओहम आणि १ किलोओहम या दोन रेझिस्टरांच्या विभागणीमुळे मुख्य व्होल्टेज साडेपाचच्या जवळ पोहोचताच ती एका ट्रान्झिस्टरमार्फत एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचला चालू करते, आणि एससीआर ५ व्होल्टची वाट थेट ग्राउंडला जोडतो. मग फ्यूज उडो की मॉड्यूल स्वतःहून प्रवाह आवरो, संगणकाकडे एखाद्या व्होल्टपेक्षा अधिक काही जात नाही. हे सर्किट आधी वेगळ्या बदलत्या पुरवठ्यावर, व्होल्टेज हळूहळू चढवून, पुन्हा पुन्हा तपासले गेले.

वायर निवडण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून त्याविषयी थोडे थांबून सांगतो. दीड मीटर वायर म्हणजे जाण्या-येण्याचे तीन मीटर तांबे. ०.२ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून एक अँपिअर गेला, तर सुमारे पाव व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि संगणकाला लागणाऱ्या किमान ४.७५ व्होल्टची मर्यादा गाठली जाते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट साधारण एक दशांश व्होल्ट राहते. म्हणून येथे जाड वायर वापरली आहे आणि मॉड्यूल ५.१ व्होल्टवर लावले आहे. पेटी धातूची, जाळीदार झाकणाची असून तिला अर्थिंग दिलेले आहे.

सात पिनांच्या डिन प्लगमध्ये पाचव्या पिनेवर ५ व्होल्ट, दुसऱ्यावर ग्राउंड आणि सहाव्या-सातव्यावर ९ व्होल्ट जोडले गेले. संगणकाला हात लावण्यापूर्वी ५ व्होल्टवर ४.७ ओहमचा आणि ९ व्होल्टवर १० ओहमचा, असे दहा वॉटचे सिमेंटचे रेझिस्टर तासभर तापत ठेवले. त्यानंतर प्लग लावला. निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याची ओळ आली. संगणक चालू असतानाच युजर पोर्ट या बाहेरच्या जोडणीच्या दुसऱ्या, म्हणजे ५ व्होल्टच्या, पिनेवर मीटर लावला, तेव्हा आकडा ५ व्होल्टच्या अगदी जवळ स्थिर राहिला. जुना ठोकळा कोणी चुकून पुन्हा जोडू नये म्हणून शिक्षकांनी त्याची वायर प्लगपाशी कापून टाकली.