राजगड: आधी संजीवनी, मग बालेकिल्ला

राजगडाला निघताना पहिला प्रश्न वाटेचा. गुंजवणे गावातून गेलात तर चोर दरवाजा. सुरुवातीला झाडी, शेवटी मात्र उभा कातळ; तिथं रेलिंग धरूनच चढावं लागतं. दरवाजा ठेंगणा आहे, सॅक पाठीवर असेल तर नीट वाकून शिरा. आत आलात की समोर पद्मावती तलाव. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट बरी. हाच गडाचा राजमार्ग. चढायला दोन-अडीच तास धरा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. उन्हाळ्यात टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

पद्मावती माचीवर देवळासमोर सईबाईंची समाधी आहे. 1659 साली त्या याच गडावर वारल्या. आग्र्याहून सुटलेले महाराज 1666 मध्ये परतले तेही इथंच.

इथून बहुतेक जण थेट बालेकिल्ल्याकडे सुटतात आणि अडकतात. वाट कड्याला चिकटलेली, अरुंद. चढणारे आणि उतरणारे एकाच खोबण्यांत पाय ठेवणार. रविवारी रांग ठरलेली. पावसात शेवाळ धरतं, तेव्हा उतरताना तोंड कातळाकडे ठेवा. कड्याला आग्या मोहोळं असतात. धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.

म्हणून सकाळी आधी संजीवनी माची गाठा. पश्चिमेला लांबवर गेलेली ही सोंड तीन टप्प्यांत उतरते. खरी करामत टोकाकडे आहे, चिलखती तटबंदीची. आत एक तट, बाहेर दुसरा, मध्ये जेमतेम एका माणसापुरती बोळ. तटाच्या पोटातल्या अंधाऱ्या पायऱ्या उतरून त्या बोळीत जाता येतं, बॅटरी लागतेच. तोफेनं बाहेरचा तट फोडला तरी आतला शाबूत राहायचा, आणि घुसलेला शत्रू या चिंचोळ्या जागेत वरच्या माऱ्यात सापडायचा. बोळीत उभं राहून वर पाहा, आकाशाची नुसती पट्टी दिसते.

सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, वेळ उरला तर. तिथं वारा जबरदस्त, टोपी हातात धरा.

दुपारी तीनला उतरायला लागा. गुंजवण्याच्या झाडीत अंधार लवकर पडतो, आणि ढोरवाटा मूळ वाटेसारख्याच दिसतात.